बॅटरीविना पेसमेकर : स्वप्न जवळ, वाट लांब

विशेष प्रतिनिधी

शरीराच्या हालचालीतून वीज निर्माण करणाऱ्या लवचिक पट्ट्या वैद्यकशास्त्रात क्रांती घडवणार, असे गेली काही वर्षे सांगितले जात आहे. या दाव्यात तथ्य किती, अडचणी कोणत्या आणि भारतातील रुग्णाच्या पदरात त्यातून काय पडणार, याचा हा वेध.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या गृहस्थांच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसवण्यात आला. रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बूटपॉलिशच्या डबीचाच साचा करून तो ओतला होता आणि ओके सेनिंग या शल्यविशारदांनी तो बसवला. काही तासांतच तो बंद पडला आणि दुसरा बसवावा लागला. लार्सन मात्र जगले. २००१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेही हृदयविकाराने नव्हे. ज्या दोघांनी त्यांना जीवदान दिले, त्या दोघांच्या पश्चातही ते हयात होते. परंतु या ४३ वर्षांत त्यांच्या शरीरातील यंत्र वीसहून अधिक वेळा बदलावे लागले.

पेसमेकरची ही कूळकथा आजही पुरती संपलेली नाही. विजेचा स्रोत टिकाऊ व्हावा म्हणून गेल्या शतकात काय काय झाले नाही? १९७० च्या सुमारास चक्क प्लुटोनियमवर चालणारे पेसमेकर माणसांच्या छातीत बसवले गेले. त्यानंतर लिथियम-आयोडीन बॅटरी आली आणि यंत्राचे आयुष्य अनेक वर्षांनी वाढले. आज साधारणपणे ७ ते १२ वर्षे पेसमेकर चालतो. मात्र बॅटरी यंत्रातच बंदिस्त असल्याने ती संपली की सारे यंत्र बदलावे लागते. पंचाहत्तरीच्या रुग्णाला एखाद्या वेळीच ही वेळ येते. जन्मजात हृदयरोध असलेल्या बालकाला मात्र आयुष्यात अनेकदा या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. शिवाय पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा बदलीच्या शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो.

यातला विरोधाभास असा, की ज्या यंत्राला विजेची ददात आहे, त्याच्या शेजारीच दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन-प्रसरण पावणारा स्नायू आहे. दहा वर्षांत हे ठोके ३६ कोटींच्या घरात जातात. या हालचालीचा अगदी अल्पसा अंश विजेत रूपांतरित करता आला, तर बॅटरीची गरजच उरणार नाही. लवचिक दाबविद्युत, म्हणजेच पिझोइलेक्ट्रिक साधनांचे सारे आकर्षण या एका कल्पनेत आहे.

गॅसच्या लायटरमधले विज्ञान

दाबविद्युत हा शब्द अपरिचित वाटला, तरी ही गोष्ट घरोघरी आहे. स्वयंपाकघरातील लायटरचा खटका दाबताच ठिणगी उडते, ती आतल्या सिरॅमिकच्या तुकड्यावर आघात होऊन निर्माण झालेल्या विजेमुळे. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार निर्माण होतो, हा शोध १८८० मध्ये पॅरिसमध्ये जॅक आणि पिएर क्युरी या बंधूंनी लावला. याच्या उलट क्रियाही घडते. अशा स्फटिकाला वीज दिली की तो किंचित आकार बदलतो. क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिकाची नियमित कंपने आणि सोनोग्राफीच्या यंत्रातून निघणाऱ्या स्वनातीत लहरी या उलट क्रियेवर आधारलेल्या आहेत. जपानी शास्त्रज्ञ एइची फुकादा आणि इवाओ यासुदा यांनी १९५७ मध्ये माणसाच्या हाडातही हा गुणधर्म असल्याचे दाखवून दिले. निसर्गाने ही किमया आपल्या सांगाड्यात आधीच करून ठेवली आहे, असे म्हणता येईल.

वैद्यकीय उपयोगाच्या दृष्टीने मुख्य अडचण वेगळीच होती. सर्वांत प्रभावी दाबविद्युत पदार्थ म्हणजे शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांचे संयुग असलेले पीझेडटी हे सिरॅमिक. ते कपबशीसारखे ठिसूळ असते. शरीर तर मऊ, वळणारे आणि सतत हलणारे. जपानमध्येच १९६९ मध्ये पीव्हीडीएफ या प्लॅस्टिकमध्ये हा गुणधर्म आढळला आणि लवचिक पडद्यांचा मार्ग खुला झाला. पण एवढ्याच दाबाला पीव्हीडीएफ जितका विद्युतभार देते, त्याच्या दहा-वीस पट भार पीझेडटी देते. म्हणजे जे वाकते ते दुबळे आणि जे बलवान ते मोडणारे, असा हा पेच होता.

तो सुटला तो जाडी कमी केल्याने. जाड काच मोडते, पण काचेचा बारीक तंतू वाकतो. त्याच न्यायाने पीझेडटीचा थर मिलिमीटरच्या सहस्रांशाहूनही पातळ करून प्लॅस्टिकच्या पडद्यावर चढवला, तर तो पडद्यासोबत वळतो. २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेच्या झोंग लिन वांग यांनी झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म तारांतून वीज मिळवून दाखवली आणि या क्षेत्रातील संशोधनाला वेग आला.

हृदयावरची पट्टी आणि तिचा हिशेब

या संशोधनातील महत्त्वाचा टप्पा २०१४ मध्ये गाठला गेला. तुर्कस्तानात जन्मलेल्या जनान दागदेविरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय विद्यापीठात अशी पट्टी तयार केली. ती गाय, मेंढी अशा मोठ्या प्राण्यांच्या धडधडत्या हृदयावर टाके घालून बसवण्यात आली. प्रत्येक ठोक्यागणिक पट्टी वाकली, वीज निर्माण झाली आणि ती छोट्या बॅटरीत साठवलीही गेली. आपले आजोबा अवघ्या २८ व्या वर्षी हृदयविकाराने गेले आणि त्यातूनच या कामाची प्रेरणा मिळाली, असे दागदेविरेन यांनी अनेकदा सांगितले आहे. त्याच वर्षी दक्षिण कोरियातील काइस्ट संस्थेच्या चमूने लवचिक पट्टी वाकवून मिळालेल्या विजेने जिवंत उंदराचे हृदय उद्दीपित केले. 'बॅटरीविना पेसमेकर' हे शीर्षक तेव्हापासून जगभरच्या वृत्तपत्रांत अधूनमधून झळकत असते.

आता हिशेब पाहू. इलिनॉयच्या प्रयोगात पट्टीचे पाच थर एकावर एक रचल्यावर, सर्वांत अनुकूल स्थितीत, चौरस सेंटिमीटरमागे सुमारे १.२ मायक्रोवॅट शक्ती मिळाली. निर्मिती आणि साठवण मिळून कार्यक्षमता दोन टक्क्यांच्या आसपास होती. आधुनिक पेसमेकरला साधारण १० मायक्रोवॅट लागतात. म्हणजे आठ-नऊ चौरस सेंटिमीटरच्या, मोठ्या टपाल तिकिटाएवढ्या पट्टीने काम भागावे. कागदावर गणित जुळते. प्रश्न पुढे सुरू होतात.

पहिला प्रश्न शस्त्रक्रियेचा आहे. नेहमीचा पेसमेकर गळपट्टीच्या हाडाखाली, त्वचेखालच्या कप्प्यात बसतो आणि त्याची तार शिरेतून हृदयापर्यंत जाते. हे काम बहुधा स्थानिक भूल देऊन होते. याउलट हृदयाच्या बाहेरच्या आवरणावर पट्टी शिवायची, तर छाती उघडावी लागते. दहा वर्षांनी होणारी छोटी शस्त्रक्रिया टाळण्यासाठी आज मोठी शस्त्रक्रिया करायची काय, असे कोणताही हृदयरोगतज्ज्ञ विचारील.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. दहा वर्षांत ३६ कोटी वेळा वाकून पट्टी भंगता कामा नये. शिवाय शरीर परक्या वस्तूभोवती तंतुमय ऊतींचे वेष्टन तयार करते. त्या वेष्टनामुळे पट्टीची हालचाल मंदावते आणि वीजही घटते. आधीच क्षीण झालेल्या हृदयाला या पट्टीचे ओझे कितपत सोसवेल, हेही पाहावे लागते.

तिसरा प्रश्न शिशाचा. पीझेडटीच्या वजनात साठ टक्क्यांहून अधिक शिसे असते. ते वेष्टनात बंदिस्त राहते हे खरे, पण 'आयुष्यभर शरीरात राहणारे वेष्टन कधीच झिरपणार नाही' ही हमी देणे सोपे नाही. युरोपने विद्युत उपकरणांतील शिशावर निर्बंध घातले, तेव्हा तुल्यबळ पर्याय नसल्याने अशा सिरॅमिकला सवलत द्यावी लागली. पर्यायी पदार्थांचा शोध सुरू आहे, परंतु पीझेडटीची जागा सर्वत्र घेऊ शकेल असा वारसदार अजून पुढे आलेला नाही.

चौथी गोष्ट म्हणजे स्पर्धक स्वस्थ बसलेला नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला तारविरहित पेसमेकर जेमतेम दोन ग्रॅम वजनाचा असून मांडीच्या शिरेतून थेट हृदयात नेऊन ठेवता येतो. त्यातही बॅटरीच आहे आणि ती दशकभर चालेल अशी अपेक्षा आहे. ज्या बॅटरीला हद्दपार करायचे, तीच दरवर्षी लहान आणि दीर्घायुषी होत आहे.

दाबविद्युत तत्त्वाने ऊर्जेच्या आघाडीवर रुग्णशय्या गाठली, ती वेगळ्याच वाटेने. हृदयाच्या डाव्या कप्प्याला तारेविना उद्दीपन देणाऱ्या एका यंत्रणेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये मान्यता दिली. तिच्यात बॅटरी आणि प्रक्षेपक फासळ्यांजवळ त्वचेखाली असतात आणि हृदयात बसवलेला तांदळाच्या दाण्याएवढा ग्राहक स्वनातीत लहरींचे विजेत रूपांतर करतो. येथे वीज हृदयाच्या ठोक्यातून येत नाही. बॅटरी कायम आहे, फक्त ती हृदयापासून दूर, बदलायला सोयीच्या जागी गेली आहे. क्रांतीपेक्षा ही तडजोड आहे. पण रुग्णापर्यंत पोहोचली ती हीच.

वीज नको, वार्ता हवी

तर मग लवचिक दाबविद्युत साधनांची सारी चर्चा फोल म्हणायची काय? तसे मुळीच नाही. फक्त त्यांचे खरे सामर्थ्य ऊर्जा पुरवण्यापेक्षा शरीराची वार्ता देण्यात आहे, हे ओळखले पाहिजे. यंत्र चालवायला मायक्रोवॅट लागतात आणि तेही अखंड. ठोका पडला की नाही, एवढे कळायला मात्र क्षीणसा विद्युत संकेत पुरतो. ज्या दुबळेपणामुळे पीव्हीडीएफ वीज पुरवण्यास अपुरे ठरते, तो येथे आड येत नाही.

झोपेच्या विकारांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांत श्वासाची लय मोजण्यासाठी छाती-पोटाभोवती बांधले जाणारे पीव्हीडीएफचे पट्टे रुळलेले आहेत. आपल्याकडे बंगळुरूच्या डोझी या कंपनीने गादीखाली ठेवायची दाबविद्युत संवेदकांची चादर विकसित केली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी शरीराला बसणारा सूक्ष्म हेलकावा ती टिपते आणि नाडी व श्वास यांची नोंद ठेवते. रुग्णाच्या अंगाला एकही तार लावावी लागत नाही. कोविडच्या साथीत अतिदक्षता विभागाबाहेरील साध्या खाटांवर या चादरी वापरल्या गेल्या. दोन-तीन परिचारिकांना पन्नास खाटा सांभाळाव्या लागतात, अशा कक्षात एखाद्या रुग्णाचा श्वास बिघडत असल्याची सूचना वेळेवर मिळण्याचे मोल काय, हे सांगायला नको.

पुढचा टप्पा सोनोग्राफीचा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२२ मध्ये त्वचेला चिकटणारी आणि ४८ तास शरीरांतर्गत अवयवांचे चित्रण करणारी सोनोग्राफीची पट्टी सादर केली. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२३ मध्ये छातीवर लावून हृदयाचे चित्रण करणारी पट्टी दाखवली. त्याच वर्षी दागदेविरेन यांच्या चमूने अंतर्वस्त्राला जोडता येणारे स्तनतपासणीचे साधन तयार केले. ७१ वर्षांच्या एका महिलेवरील चाचणीत त्याने ०.३ सेंटिमीटर व्यासाच्या गाठी टिपल्या. ही साधने अद्याप संशोधनाच्या पातळीवर आहेत. तथापि, त्यांची दिशा स्पष्ट आहे. तपासणी एका दिवसाची आणि एका खोलीतली न राहता सलग आणि घरबसल्या होऊ शकेल.

कामगिरी आटोपून शरीरातच विरघळणारी साधने ही तिसरी दिशा आहे. पोटातील टाक्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या कुळातील पदार्थातही दाबविद्युत गुण आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाने २०१८ मध्ये त्यापासून शरीरातील दाब मोजणारा संवेदक बनवला. पुढे २०२२ मध्ये अशाच पदार्थाच्या जाळीने सशांच्या गुडघ्यातील कूर्चा पुन्हा वाढण्यास मदत झाल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. यात शिसेही नाही आणि यंत्र काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रियाही नाही.

आपल्यापुढचे प्रश्न

बॅटरीचा प्रश्न भारतीय रुग्णाच्या लेखी किती मोलाचा आहे, हे मुंबईतील एका अनुभवावरून दिसते. अमेरिकेत मृत व्यक्तींच्या शरीरांतून, नातलगांच्या संमतीने काढलेले पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात गरीब रुग्णांना बसवण्यात आले. त्याचा वृत्तांत २०१२ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ कार्डिऑलॉजी या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जमा झालेल्या सुमारे १२० यंत्रांपैकी केवळ ५३ यंत्रे वापरता आली. निकष एकच होता, बॅटरी किती शिल्लक आहे. उरलेली यंत्रे केवळ तेवढ्यासाठी बाद झाली. जेथे नवे यंत्र परवडत नाही म्हणून दुसऱ्याचे वापरलेले यंत्र स्वीकारावे लागते, तेथे बॅटरी हा निव्वळ तांत्रिक तपशील उरत नाही.

म्हणून या तंत्रज्ञानाकडे केवळ कुतूहलाने पाहून भागणार नाही. ते तयार होऊन बाजारात आल्यावर आपण केवळ गिऱ्हाईक असणार काय, हा पहिला प्रश्न आहे. स्टेंटचे उदाहरण ताजे आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांच्या आसपास आणून ठेवली, तेव्हा कुठे सामान्य रुग्णाला दिलासा मिळाला. तोवर कित्येक वर्षे लोक अनेक पटींनी जास्त पैसे मोजत होते. किंमत खाली आणणे हा एक उपाय झाला, पण वस्तू येथेच घडवणे हा अधिक टिकाऊ उपाय आहे.

त्यासाठी लागणारे ज्ञान देशात नाही, असे नव्हे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील आणि आयआयटी खरगपूरमधील संशोधकांनी तडा गेल्यावर क्षणार्धात आपोआप सांधला जाणारा सेंद्रिय दाबविद्युत स्फटिक शोधला आणि २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाने तो प्रसिद्ध केला. कोट्यवधी वेळा वाकणाऱ्या पट्टीसाठी याहून समर्पक गुण कोणता? पुण्याच्या आयसरमध्येही शिसेविरहित दाबविद्युत पदार्थांवर काम झाले आहे. उणीव आहे ती प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या यांच्यामधल्या दुव्याची. प्राण्यांवरील दीर्घ चाचण्या, रुग्णांवरील चाचण्या आणि निर्दोष उत्पादन, यांना दहा-पंधरा वर्षे आणि मोठा पैसा लागतो. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार पेसमेकरसारखी रोपणयोग्य उपकरणे सर्वाधिक जोखमीच्या 'ड' वर्गात मोडतात, आणि ते योग्यच आहे. येथे घाईला जागा नाही.

पण चिकाटीला आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली कृत्रिम हृदयझडप बनवायला घेतली, तेव्हा सुरुवातीची प्रारूपे एकामागून एक अपयशी ठरली. तरीही काम थांबले नाही. डिसेंबर १९९० मध्ये ती झडप पहिल्या रुग्णाला बसवण्यात आली, पुढे खासगी उद्योगाने तिचे उत्पादन केले आणि एक लाखाहून अधिक झडपा रुग्णांपर्यंत पोहोचल्या. संशोधक, शल्यविशारद आणि उद्योजक एकाच परिसरात दशकभर एकत्र बसले, हे त्या यशाचे मर्म होते.

दुसरा प्रश्न कायद्याचा आहे आणि त्याची चर्चा अद्याप सुरूही झालेली नाही. गर्भाचे लिंग कळू शकेल असे प्रत्येक यंत्र आपल्याकडे गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येते. या यंत्रांची नोंदणी सक्तीची आहे आणि फिरत्या यंत्रांवर कडक अटी आहेत. असा कायदा करण्यात महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पुढाकार घेतला होता. त्यामागची वेदना आजही तितकीच खरी आहे. पण उद्या सोनोग्राफीच अंगावर लावायच्या पट्टीत आली, तर काय? स्तनाची तपासणी करणारी पट्टी खेड्यातील महिलेला वरदान ठरेल. तीच पट्टी पोटावर लावता आली, तर तिच्याच गर्भातील मुलीवर घाला येईल. सरसकट बंदी घातली तर पहिला लाभ बुडतो, मोकळीक दिली तर दुसरा अनर्थ ओढवतो. विशिष्ट खोली आणि विशिष्ट अवयवापलीकडे चित्र उमटणारच नाही, अशी मर्यादा यंत्राच्या रचनेतच घालता येईल काय, याचा विचार यंत्रे दारात येण्यापूर्वी व्हायला हवा. तो करण्याची जबाबदारी शास्त्रज्ञांइतकीच कायदा राबवणाऱ्यांचीही आहे.

तात्पर्य, हृदयाच्या ठोक्यावर अखंड चालणारा पेसमेकर नजीकच्या काळात येईल, या आशेवर कोणाही रुग्णाने विसंबू नये आणि वृत्तपत्रांनीही ती आशा विकू नये. ज्याची बॅटरी संपत आली आहे, त्याने डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला यंत्र बदलून घेणे हेच शहाणपणाचे. मात्र श्वास मोजणारी चादर, गाठ टिपणारी पट्टी आणि काम आटोपून विरघळणारा संवेदक या गोष्टी आवाक्यात येत आहेत. त्या कोणाच्या आवाक्यात येतील, एवढेच ठरायचे आहे. तो निर्णय विज्ञान एकटे करीत नाही. आज आपण कोणत्या प्रयोगशाळेला किती वर्षे आधार देतो आणि कोणता नियम वेळेवर बदलतो, यावर तो अवलंबून राहणार आहे.